आमच्याकडे कुरडया लाभत नाहीत

चिकाच्या पातेल्याचा एक कान सासूबाईंनी धरला होता, दुसरा मी. दोघींनी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं आणि मनी आडवी गेली.

"ठेव," सासूबाई म्हणाल्या.

"आई, आत्ताच तर उचललंय."

"ठेव म्हणते ना. पाच मिनिटं बसू, घोटभर पाणी पिऊ, मग निघू."

पातेलं पायरीवर टेकलं. आत आठ किलो गव्हांचा चीक होता. तीन दिवस भिजवलेले, रोज पाणी बदललेले, मग वाटून, पिळून, गाळून रात्रभर निवळायला ठेवलेले गहू. एवढं करून हाती येतं ते पांढरंशुभ्र, सायीसारखं दाट असं काहीतरी, आणि त्याची घाई फार. फलटणला एप्रिलात एकदा ऊन चढलं की दुपारपर्यंत चीक आंबलाच म्हणून समजावं.

मनी मात्र निवांत होती. पोट जमिनीला टेकेल एवढं झालेलं. ती आमच्या पायांमधून घरात शिरली आणि आतल्या खोलीकडे गेली.

"ही आपली नाही," सासूबाई सवयीने म्हणाल्या. मनी दोन वर्षांपासून आमच्याकडे दूध पीत होती आणि सासूबाई दोन वर्षांपासून हेच म्हणत होत्या.

आम्ही निघालो होतो शेजारी, नलूवहिनींकडे. कारण आमच्याकडे कुरडया लाभत नाहीत. लग्न होऊन मी या घरात आले त्याच उन्हाळ्यात हे मला सांगण्यात आलं होतं. घरातला कुणी कर्ता माणूस चीक चुलीवर असतानाच गेला, तेव्हापासून बंद. पण बंद म्हणजे किती बंद, तेही ठरलेलं होतं. गहू आमच्याकडे भिजवलेले चालत. वाटलेलेही चालत. वाळलेल्या कुरडया डबा भरून घरी आणलेल्या, तळलेल्या, पाहुण्यांना वाढलेल्या, सगळं चालत होतं. फक्त चीक आमच्या शेगडीवर चढवायचा नाही.

"म्हणजे नडतो तो मधला अर्धा तास," माझे सासरे म्हणायचे. आम्ही त्यांना अप्पा म्हणतो. ते एसटीत वाहतूक नियंत्रक होते, तीस वर्षं स्टँडवरच्या खिडकीत बसून गाड्या पुकारल्या. निवृत्त झाले तरी पुकारणं सुटलं नव्हतं.

गंमत अशी की चिकाला सासूबाईंच्या हाताची सर गल्लीत कुणालाच नव्हती. आधण किती घ्यायचं, धार किती बारीक सोडायची, चकाकी आल्यावर नेमका कधी गॅस बंद करायचा, हे विचारायला बायका त्यांनाच बोलवायच्या. दर उन्हाळ्यात चार-पाच घरचा चीक त्या शिजवून द्यायच्या. नलूवहिनींकडे तर चोवीस वर्षं. एक गुठळी झाली नव्हती म्हणे.

पायरीवर बसल्या बसल्या त्यांनी मला विचारलं, "आज तुझं ते बारामतीचं होतं ना गं? कॉलेजचं?"

"राहू दे ते."

"राहू दे म्हणजे?"

"आज कुरडया आहेत ना. आणि ईराला एवढा वेळ सोडून कसं जायचं."

ईरा तेव्हा नऊ महिन्यांची होती. आत झोळीत झोपली होती, एक पाय बाहेर काढून. तो पाय ती झोपेतही हलवायची, एखाद्या गाण्यावर ताल धरल्यासारखा.

"बरं," सासूबाई म्हणाल्या आणि पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

बारामतीचं प्रकरण असं होतं. माझी बी.एस्सी. एका पेपरने अडली होती. गणिताचा पेपर. एकदा सव्वीस मिळाले, एकदा एकोणतीस. पास व्हायला चाळीस लागायचे. घरी वही घेऊन बसले की सगळं यायचं. परीक्षेच्या हॉलमध्ये पहिली घंटा झाली की हातातलं पेनसुद्धा परकं वाटायचं. मग लग्न झालं, मग ईरा. आता विद्यापीठाने जुना अभ्यासक्रम बंद करायचं ठरवलं होतं, आणि ज्यांचा एखाद-दुसरा विषय राहिलाय त्यांच्यासाठी जूनमध्ये एक शेवटची परीक्षा ठेवली होती. फॉर्म कॉलेजात नेऊन द्यायचा. मुदत शनिवारी दुपारी एकपर्यंत. त्यानंतर माझी तीन वर्षं कायमची अर्धवटच राहणार होती.

तो शनिवार म्हणजे हाच.

माझा नवरा संदेश चाकणला नोकरीला होता, पंधरा दिवसांनी यायचा. मागच्या खेपेला त्याने फॉर्म आणून, भरून, फोटो चिकटवून फ्रिजवर ठेवला होता. माझी सही तेवढी राहिली होती. "कर की," तो म्हणाला होता. मी म्हटलं होतं, "तुमच्याकडे कुरडया लाभत नाहीत, मला परीक्षा लाभत नाहीत. सोड." तो हसला होता, मीही हसले होते, आणि फॉर्मवर हळदीचा डबा ठेवला होता. वाऱ्याने उडू नये म्हणून.

पाच मिनिटं झाली. आम्ही उठलो. पातेलं उचलणार तोच नलूवहिनींचं दार उघडलं. त्या बाहेर आल्या त्या हातात पिशवी घेऊन. मागून त्यांची मुलगी शलाका पायात चप्पल अडकवत होती.

"इंदूकाकू, अहो घोटाळा झाला," नलूवहिनी म्हणाल्या. "अकलूजचे चुलत सासरे गेले पहाटे. त्र्याण्णव वर्षांचे होते, सोनं झालं म्हणा. पण आम्हाला निघावं लागतंय. आणि आता सुतक. तुमचा चीक माझ्या शेगडीवर कसा चढवायचा?"

"आता गं?" सासूबाई म्हणाल्या.

"तेच तर. जाऊन येते." त्यांनी कुलूप लावलं, ओढून पाहिलं. शलाका जाता जाता माझ्याजवळ आली. "ताई, सीईटीची ती प्रश्नपत्रिका सोडवलीय. आल्यावर तपासाल?"

"तपासते. जा तू."

दोघी गेल्या. पातेलं, कुलूप आणि आम्ही दोघी उरलो.

सासूबाईंनी गल्लीवर नजर फिरवली. समोरचे देशमाने लग्नाला गेलेले. त्यापलीकडच्या घरात कॉलेजची मुलं भाड्याने राहायची, त्यांच्याकडे शेगडी होती की नाही देव जाणे. कोपऱ्यावरच्या निर्मळेबाईंशी सासूबाईंचं गेल्या हळदीकुंकवापासून बोलणं नव्हतं.

"निर्मळेबाईंना विचारू का मी?" मी म्हटलं.

"त्यापेक्षा गाईला घालीन."

आम्ही पातेलं परत आत आणलं. सासूबाई स्वयंपाकघरात पाटावर बसल्या आणि चिकाकडे बघत राहिल्या. दारात पाहुणा यावा आणि आपण त्याला आत ये म्हणू नये, तसं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

तेवढ्यात आतल्या खोलीतून अप्पांचा आवाज आला. स्टँडवरचा.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. मनी तीन पिल्लांसह फलाट क्रमांक एकवर दाखल झालेली आहे."

मी धावले. दिवाणाखाली अप्पांचा जुना खाकी कोट घडी करून ठेवलेला असायचा. त्या कोटावर मनी आडवी पडली होती आणि तिच्या पोटाशी ओली, आंधळी, मुठीएवढी तीन पिल्लं लुचत होती. एक करडं, दोन पांढरी. मी खाली बसून बघतच राहिले. नऊ महिन्यांपूर्वीचं माझं सगळं अंगात पुन्हा जागं झालं. मनीने एकदा माझ्याकडे पाहिलं. तिला कुणाच्या कौतुकाची गरज नव्हती.

आणि मग मला आठवलं.

"आई," मी ओरडत स्वयंपाकघरात गेले. "घरात त्याच दिवशी कुणी जन्मलं तर मोडलेलं परत सुरू करता येतं ना? तुम्हीच सांगितलं होतं. मूल जन्मलं किंवा गाय व्याली तर."

"मग?"

"मनी व्याली. आज. चिकाच्या दिवशी."

सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की ईराच्या आधी माझीच दृष्ट काढावी लागणार. "मांजर व्याली म्हणून कुरडया सुरू करू? लोक काय म्हणतील?"

"गाय कुठून आणायची या दोन खोल्यांत?" अप्पा मागून म्हणाले. "गाईच्या जागी जे मिळालं ते."

"घरचं जनावर लागतं. ही आपली नाही."

"दूध कोण घालतं?"

"तुम्ही."

"मी कुणाचा?"

सासूबाईंनी पदर तोंडावर घेतला. हसू दाबायला, पण त्यांना कबूल करायचं नव्हतं. "वन्संना विचारल्याशिवाय मी काही करायची नाही," त्या म्हणाल्या.

वन्सं म्हणजे अप्पांच्या थोरल्या बहीण, सासवडच्या ताराआत्या. वय अठ्ठ्याहत्तर. कुलाचार, सोयरसुतक, रुखवतात काय मांडायचं आणि काय नाही, सगळ्याचा शेवटचा शब्द त्यांचा. अप्पांनी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. ताराआत्या फोनवर नेहमी ओरडूनच बोलायच्या, सासवडहून थेट हाक मारल्यासारख्या.

"काय रे? सगळे बरे ना?"

"बरे आहेत. ताई, इंदूला विचारायचंय."

सासूबाईंनी सगळं सांगितलं. नलूचं सुतक, चीक, मनी. शेवटी खाली बघत विचारलं, "मांजर चालेल का, वन्सं?"

"किती पिल्लं?"

"तीन."

"चालतंय की. एक गाय तीन वासरं देत नाही." पलीकडे ताराआत्या खोकल्या. "पण इंदू, मला सांग, कुरडया बंद कशापायी केल्या होत्या आपल्याकडे?"

"अहो, कर्ता माणूस गेला ना चीक चुलीवर असताना. भाऊकाका."

"कुणी सांगितलं तुला?"

"सासूबाईंनीच."

मग ताराआत्या हसायला लागल्या. फोन टेबलावर थरथरला.

"अगं, भाऊकाका गेले श्रावणात. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, धो धो पावसात. श्रावणात कुरडया घालतं का कुणी?"

अप्पा आणि सासूबाई एकमेकांकडे बघायला लागले.

"मग?" सासूबाई म्हणाल्या.

"मग काय. आईचा चीक दर साल बिघडायचा. ही एवढाल्या गुठळ्या. मी आठ-नऊ वर्षांची होते, मला चांगलं आठवतंय. सोऱ्यातून अर्ध्यात तुटायचं. गल्लीतल्या बाया तोंडावर पदर घेऊन हसायच्या. तीन वर्षं तिने सोसलं. चौथ्या वर्षी गहूच भिजवले नाहीत. कुणी विचारलं तर म्हणाली, आमच्याकडं लाभत नाही. झालं. पुढं भाऊकाका त्याला कधी येऊन चिकटले, मला माहीत नाही. बरं, पिल्लांना पाटीखाली ठेवा, बोका येतो." आणि फोन ठेवून दिला.

अप्पा हसत होते. मी हसत होते. मला वाटलं, आता सासूबाई पदर खोचतील आणि आधण चढवतील. साडेसात वाजले होते.

त्या उठल्या आणि चिकावर झाकण ठेवलं.

"नको," त्या म्हणाल्या. "गाईला घालू."

"आई? आता काय अडलंय?"

"नको म्हणते ना."

"पण तुमच्यासारखा चीक कुणाला येत नाही. चोवीस वर्षं नलूवहिनींकडे..."

"ते नलूकडं." त्या माझ्याकडे न बघता झाकण नीट बसवत राहिल्या. "नलूकडं बिघडला तर नलूचा बिघडतो. तिचं पाणी खारट, तिची शेगडी तसली, तिचे गहू जुने. इथं बिघडला तर माझा बिघडला."

ते वाक्य ऐकून मला फ्रिजकडे बघावंसं वाटलं आणि मी बघितलं नाही.

बोलले ते अप्पा. स्टँडवरचा आवाज न काढता, साध्या आवाजात. "इंदे, माझ्या आईने तुला कुरडया दिल्या नाहीत, गुठळ्या दिल्या. त्या तू तेहेतीस वर्षं जपून ठेवल्यास."

झोळीत ईरा जागी झाली आणि रडायला लागली. मी तिला उचलून आणलं. सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं, तिच्या विस्कटलेल्या जावळावरून हात फिरवला. मग मोठं पातेलं काढून शेगडीवर ठेवलं.

"पाणी मोज," त्या म्हणाल्या. "जेवढा चीक तेवढं. हिला यांच्याकडे दे. आणि बोलायचं नाही कुणी."

आम्ही बोललो नाही. आधण आलं, मीठ पडलं, हिंग पडला. सासूबाईंनी लांब लाकडी दांडा हातात घेतला आणि मला म्हणाल्या, "धार धर. बारीक." मी तांब्याने चीक सोडायला लागले. त्यांचा हात थरथरत होता. इतक्या वर्षांत मी तो हात थरथरताना पाहिला नव्हता, आणि त्या हाताकडे बघता बघता माझी धार जाड झाली. एक गोळा आत पडला. त्यांनी तो फोडायला दांडा जोरात फिरवला, तोवर दुसरा तयार. पाच मिनिटांत पातेल्यात गुठळ्याच गुठळ्या, ताराआत्या म्हणाल्या तशा, एवढाल्या.

सासूबाईंनी गॅस बंद केला. दांडा तसाच हातात. मला वाटलं, आता त्या रडणार, आणि चूक तर माझ्या धारेची होती.

अप्पा ईराला कडेवर घेऊन आले. वाटी घेतली, पातेल्यातून दोन गुठळ्या काढल्या, वर दूध, वर साखर. फुंकर मारून एक खाल्ली. दुसरी बोटाच्या टोकावर घेऊन, चांगली निववून, ईराच्या जिभेला लावली. ईराने तोंड वाकडं केलं, विचार केला, आणि अजून हवं म्हणून अप्पांचं बोटच तोंडात धरलं.

"बिघडलेला बरा लागतो," अप्पा म्हणाले. "मऊ असतो."

सासूबाई पातेल्यात बघत होत्या. "बिघडला," त्या म्हणाल्या. मग परत म्हणाल्या, "हेमांगी, बिघडला बघ." आवाज रडवेला नव्हता. त्या घरभर नजर फिरवत होत्या, छत, खिडकी, देव्हारा, दिवाणाखालची मनी. सगळं जागच्या जागी होतं.

"बिघडला आणि काही झालं नाही," त्या म्हणाल्या, आणि जमिनीवर बसून हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी त्यांना तसं हसताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. ईरा त्यांच्याकडे बघून हसायला लागली, तिला काय कळलं कोण जाणे.

दुसरा घाणा चढला तेव्हा त्यांचा हात थरथरला नाही. माझी धारही नीट पडली. चीक फिरता फिरता पांढऱ्याचा दुधी झाला, दुधीचा काचेसारखा. ओलं बोट लावलं तर चिकटेना. गच्चीवर कागद अंथरला, सासूबाई सोऱ्या दाबत बसल्या, आणि कोवळ्या उन्हात एकेक कुरडई पडत गेली. गोल, सारखी, तार न तुटता. मी घामाने भिजले होते आणि मला फार बरं वाटत होतं. साडेदहा झाले होते.

"हेमांगी," सासूबाई सोऱ्या न थांबवता म्हणाल्या. "शलाकाला गेल्या वर्षी गणितात किती मिळाले गं?"

"अकरावीला? एक्क्याण्णव."

"कुणी शिकवलं?"

"मीच की."

"कुठं बसून?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. समोर नलूवहिनींची गच्ची दिसत होती. कठड्याला टेकवलेला काळा फळा, कोपऱ्यात खडूचा डबा. वर्षभर रोज संध्याकाळी मी तिथे गणित शिकवलं होतं, तेच, ज्यात मला सव्वीस आणि एकोणतीस मिळाले होते. शलाकाला, आणि तिच्या दोन मैत्रिणींना. एकदाही माझं पेन मला परकं वाटलं नव्हतं.

"तिथं," मी म्हटलं.

सासूबाईंनी एक कुरडई पूर्ण केली. सोऱ्यात चीक भरला.

"तुझी कुठली मांजर व्यायची राहिलीय?" त्या म्हणाल्या.

जिन्यात अप्पा उभे होते, कडेवर ईरा, हातात फॉर्म, त्यावर हळदीच्या डब्याची पिवळी गोल खूण.

"सव्वाअकराची फलटण-बारामती," ते म्हणाले. "सव्वाबाराला स्टँडवर. तिथून कॉलेज रिक्षाने दहा मिनिटं. लाल डब्याची गाडी आहे, पण वेळेवर निघते. ड्रायव्हर माझ्या ओळखीचा."

"ईरा..."

"ईरा मऊ भात खाईल, झोपेल आणि उठून तुझ्या नावाने रडेल. रडू दे थोडं. मग चीक खाईल."

"आणि नापास झाले तर? तिसऱ्यांदा?"

सासूबाईंनी मान वर केली. उन्हाने त्यांचे डोळे बारीक झाले होते.

"मग दूध-साखर घालून खाऊ," त्या म्हणाल्या.

मी सही केली ती तिथेच, गच्चीवर, कठड्यावर कागद ठेवून. हात धुवायचं सुचलं नाही. कॉलेजातल्या कारकुनाने बारा पन्नासला फॉर्म हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. सहीच्या बाजूला वाळलेला, कडक झालेला पांढरा डाग होता.

"हे काय लागलंय?"

"चीक."

"आमच्याकडं पुढच्या आठवड्यात आहेत," तो म्हणाला आणि शिक्का मारला.

परत आले तेव्हा ईरा आजीच्या मांडीवर झोपली होती. गालावर सुकलेलं आसू आणि हनुवटीवर सुकलेला चीक. दोन्ही मी ओल्या फडक्याने हळूच पुसलं. ती झोपेत पाय हलवत होती.

जूनमध्ये घंटा झाली तेव्हा पेन परकं वाटलंच. मी मनात नलूवहिनींची गच्ची आणली, पुढे शलाकाला बसवलं आणि तिला समजावून सांगावं तसं एकेक गणित लिहीत गेले. मला त्रेचाळीस मिळाले. शलाकाला एक्क्याण्णव, मला त्रेचाळीस. अप्पांनी ते गल्लीत पुकारलं, गाडी वेळेवर पोहोचली म्हणून. आज मी इथल्याच एका शाळेत आठवी-नववीला गणित शिकवते. तेव्हापासून आमच्या घरात कुणी "मला नाही जमत" म्हटलं की कुणीतरी विचारतं, मांजर व्यायची आहे का.

ही गोष्ट मी ईराला कधी सांगितली नव्हती. ती आता नऊ वर्षांची आहे. आज ती शाळेतून आली, दप्तर फेकलं आणि म्हणाली, "मला दोरीवरच्या उड्या येत नाहीत. काही जणांना येतच नाहीत. शर्वरी म्हणाली." स्वयंपाकघरातून सासूबाई म्हणाल्या, "मांजर व्यायची आहे का?" आणि ईरा दप्तर तिथेच टाकून दिवाणाखाली बघायला गेली. मग सगळी सांगावी लागली. नलूकाकू, अकलूजचे आजोबा, सासवडची फोनवर ओरडणारी आत्याआजी, गुठळ्या.

ईराने शेवटपर्यंत ऐकली. "म्हणजे पहिला चीक मी खाल्ला?"

"तू आणि आजोबांनी."

"कसा लागतो?"

"अगदी झकास," अप्पा म्हणाले. "पण हल्ली मिळत नाही. इंदे, उद्या पहिला घाणा जरा गुठळ्यांचा कर की. नातीसाठी."

उद्या आमच्या कुरडया आहेत, आमच्याच शेगडीवर. सासूबाई चिकावरचं पाणी ओतत होत्या.

"आता मुद्दाम बिघडवायला काही मला जमत नाही," त्या म्हणाल्या.

ईरा दोरी शोधायला निघाली होती. ती दारात थांबली.

"आजी," ती म्हणाली, "मांजर आणू?"